मागच्या बाकावरचा नाताळ

माणसाचा आवाज गेला की त्याचे कानही गेले असं लोकांना का वाटतं, हे आबांना उन्हाळ्यापासून पडलेलं कोडं होतं. घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गाठ काढली, जीव वाचला आणि आवाजाच्या जागी नुसती फुंकर उरली. ओठांजवळ कान नेला तर शब्द कळायचे, जरा लांबून नुसती हवा. तेव्हापासून घरातली माणसं त्यांच्यासमोर त्यांच्याचविषयी अशी बोलायची, जणू ते खोलीतलं कपाट आहेत.

नाताळच्या आदल्या दुपारीही तेच चाललं होतं.

बाहेरची खोली माणसांनी भरली होती. खिडकीत कागदाचा तारा लागला होता, टेबलावर केक कापून ठेवला होता आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं, कारण विषय गंभीर होता. उद्या सकाळच्या उपासनेत पहिलं गीत कोण धरणार?

त्यांच्या चर्चची ही जुनी रीत. नाताळच्या सकाळी बायबलातल्या शुभवर्तमानाचं वाचन संपलं की ऑर्गन गप्प राहायचा. एकच माणूस उभा राहून गीताचं पहिलं कडवं एकट्यानं म्हणायचा आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळी मंडळी त्यात सामील व्हायची. तो एकटा आवाज या घरातला असे. आधी आबांच्या वडिलांचा, मग आबांचा. कुलपांचं दुकान आणि नाताळचं पहिलं गीत, या दोन गोष्टी या घराण्यात बापाकडून मुलाकडे येत.

“थोरला धरेल,” अक्का म्हणाली. अक्का आबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि आल्या दिवसापासून घराची सूत्रं तिच्याकडे गेली, ती कोणी दिली हे कोणालाच आठवत नव्हतं. “विषय संपला.”

“आत्या, मी गायलो तर गव्हाणीतलं बाळ उठून रडायला लागेल,” थोरला म्हणाला. आबांचा हा मुलगा आता दुकान सांभाळत होता. कुलपात त्याचा हात उत्तम चाले, गाण्यात गळा मुळीच चालत नसे.

“रक्तात असतं ते. वेळ आली की आपोआप येतं.”

“माझ्या रक्तात साखर आली, आत्या. सूर काही आला नाही.”

आतून आबांच्या बायकोचं, माईंचं हसू ऐकू आलं आणि लगेच खोकल्यात बदललं.

“मग आमच्या यांनी धरलं तर काय बिघडतं?” आबांची लेक म्हणाली. घरात तिला अजून बेबीच म्हणत, जरी तिची स्वतःची लेक आता तिच्या खांद्याला लागली होती. “गायनमंडळात लग्नापासून गातायत. सगळी गीतं पाठ आहेत.”

‘हे’ म्हणजे जावई. ते दातांचे डॉक्टर होते. दवाखान्यात भल्याभल्यांना तोंड उघडायला लावत, पण सासरी आले की स्वतःचं तोंड उघडत नसत. मांडीवर बशी धरून ते आरोपीसारखे बसले होते. “मी काही म्हटलेलं नाही,” ते घाईनं म्हणाले.

“जावई म्हणजे पाहुणा,” अक्का म्हणाली. “पाहुण्याच्या हातात घराची किल्ली देतात का?”

“केस पिकले त्यांचे इथे पाहुणचार घेता घेता. अजून पाहुणेच?”

“आणि ते सूर वरून धरतात. गेल्या ईस्टरला ऐकलं मी. वर चढून बसायला काय लागतं? उतरताना शिडी लागते.”

जावयांनी बशी टेबलावर ठेवली.

“आत्या, पुरे,” थोरला म्हणाला. “माझं मत विचारशील तर दाजींनीच धरावं. वर तर वर. निदान तो सूर तरी असेल.”

अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ऐन लढाईत घोडा उलटा फिरला होता. “तूसुद्धा तिकडे? बरं. मग मीच धरते.”

अक्काचा आवाज सगळ्यांनी ऐकलेला होता.

“आणि त्याचा विचार केलाय का कोणी?” अक्का पुढे म्हणाली. “त्याला किती लागेल, परक्या आवाजात ते गीत ऐकताना? बोलत नाही म्हणून काय झालं?”

‘तो’ तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. आबांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं. सगळ्यांची तोंडं वळली. बेबी जवळ होती, तिनं कान पुढे केला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“आबा म्हणतायत, कोणीही धरा,” ती म्हणाली. “आबा म्हणतायत, मी उद्या येणार नाहीये.”

“कुठे? चर्चला? नाताळला?” अक्का खुर्चीतून अर्धी उठली.

“घसा दुखतोय का, आबा?” बेबीनं विचारलं.

आबांनी खांदे उडवले. तिनं त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि आबांनी तो तसाच राहू दिला. मग सगळे एकदम औषधांविषयी बोलू लागले. जावयांनी अखेर केकचा तुकडा उचलला, पण हातातच धरून ठेवला.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर माई स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या आणि आबा ती पुसून ठेवत होते. ऑपरेशननंतर त्यांना लागलेली ही नवी सवय. माईंना त्यांच्या ओठांजवळ कान न्यावा लागत नसे. त्या नुसत्या ओठांकडे बघत आणि त्यांना सगळं कळे.

“घसा दुखत नाहीये तुमचा,” माई म्हणाल्या.

आबांनी एक वाडगा पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

“मला तो सापडत नाहीये,” ते म्हणाले.

माई विचारणार होत्या, कोण. पण नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून त्यांना ते विचारावं लागलं नाही. त्यांनी नळ बंद केला.

“कधीपासून?”

“दवाखान्यातून आल्यापासून. तोंड उघडतो, हवा येते. माझी प्रार्थना म्हणजे गाणंच होतं गं. दुसरी मला येतच नाही. आता वाटतं, पलीकडे कोणी ऐकतच नाहीये. रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखं.”

एवढं बोलून त्यांना धाप लागली. माईंनी स्टूल पुढे सरकवलं, ते बसले.

“एक सांगा मला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं तुम्ही पुढे उभे राहून गात होता, तेव्हा मी काय करत होते?”

आबांनी आठवून पाहिलं. “बसलेली असायचीस.”

“बसलेली असायचे. मला कधी कोणी गा म्हणालं नाही, आणि गायले तर शेजारची बाई वळून बघायची.”

“मग काय करायचीस?”

“काय करणार? मुलं लहान होती तेव्हा एकाला मांडीवर थोपटायचे, दुसरीला डोळे वटारायचे. मध्येच कधीतरी त्याला म्हणायचे, आले बाबा मी. तेवढंच.”

“आणि तो?”

“तो काय,” माई नळ सोडत म्हणाल्या, “तो असायचाच.”

इतकी वर्षं एका छपराखाली राहून आबांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि माईंनी आपण होऊन कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी हातातलं फडकं दांडीवर नीट पसरलं, जरा जास्तच नीट.

“उद्या तुमची ओढाताण मी करणार नाही,” माई म्हणाल्या. “वन्संनाही करू देणार नाही. तुम्हाला बसायचं तिथे बसा.”

सकाळी घर नव्या कपड्यांच्या वासानं आणि इस्त्रीच्या वाफेनं भरून गेलं आणि मग एकदम रिकामं झालं. बेबीनं जाता जाता आबांच्या गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळला. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माईंनी पाहिलं, मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

आबा पुढच्या दुकानात आले. शटर अर्धं वर केलं, अंगावर कामाचा चामडी एप्रन चढवला आणि पत्र्याच्या पेटीची एक किल्ली शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरून कानशीनं घासायला बसले. नाताळच्या दिवशी या दुकानात कधी कानस चालली नव्हती. आज तिचा खरखर आवाज त्यांना बरा वाटत होता.

चर्च दोन गल्ल्या सोडून होतं. एव्हाना ऑर्गन ऐकू यायला हवा होता. आला नाही. आबांनी कानस थांबवली, ऐकलं, पुन्हा घासायला लागले. पुन्हा थांबले.

तेवढ्यात थोरला धावत आला. टाय खांद्यावर गेलेला, कपाळावर घाम.

“आबा, चर्चचं दार उघडत नाहीये.”

आबांनी भुवया वर केल्या.

“रखवालदारानं किल्ली जोरात फिरवली, मोडली. अर्धी आतच राहिली. बाजूच्या दाराला तो रात्री आतून अडसर लावतो. सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी आहे. पाळक म्हणतायत, फोडू या. आत्या दाराला पाठ लावून उभी आहे, म्हणते, आधी मला फोडा.” थोरला श्वास घ्यायला थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “मी बघितलं. तुकडा हलतो पण निघत नाही. आणि निघाला तरी पुढचं मला कळत नाही. आजोबांच्या हातचं कुलूप आहे ते. मी कधी उघडून पाहिलेलं नाही.”

आबांनी भिंतीवरून हत्यारांची कापडी गुंडाळी काढली आणि आहेत तसे निघाले. एप्रन, मफलर आणि पायात घरातल्या सपाता.

पायऱ्यांवर माणसंच माणसं. थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, मुलं एकमेकांच्या नव्या बुटांवर पाय देत होती. आबांना पाहून गर्दी दुभंगली. अक्का दारापासून बाजूला झाली. तिनं भावाच्या मफलरचं सुटलेलं टोक आत खोचलं.

आबा दारापुढे गुडघ्यांवर बसले. बारीक दात असलेली तार निवडली, कुलपाच्या तोंडात सरकवली आणि बोटांनी आतला अंदाज घेऊ लागले.

अंदाज येईना.

त्यांनी तार बदलली, हात बदलला. उन्हाळ्यातल्या औषधांनी बोटांची टोकं जराशी बधिर झाली होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण जरा कशाला म्हणतात ते आत्ता समजलं. आतलं लोखंड कुठे संपतं आणि तुकडा कुठे सुरू होतो, हे सांगणारी बोटं आता काहीच सांगत नव्हती. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. गेले कित्येक महिने थोरला दुकानातली बारीक कामं आपल्याकडे ओढून घेत होता. ‘द्या आबा, हे मी बघतो.’ आबांना वाटे, पोराला घाई झालीय. घाई नव्हती. त्याला आधीच कळलं होतं आणि त्यानं कळू दिलं नव्हतं.

आबांनी मुलाची बाही धरून त्याला खाली ओढलं. थोरला नव्या पँटसकट शेजारी गुडघ्यांवर आला. आबांनी तार त्याच्या हातात दिली आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“काय? आबा, ऐकू येत नाहीये.”

पायऱ्यांवर नुसता कलकलाट होता. अक्का मागे वळली आणि तिनं मंडळीवर एकदा नजर फिरवली. तेवढं पुरलं. पाळकांसकट सगळे चिडीचूप झाले. कुणाचं तरी तान्हं किंचित रडलं, त्याच्या आईनं त्याला छातीशी धरलं, तेही थांबलं.

“खालून घाल,” आबांची फुंकर थोरल्याच्या कानात गेली. “तुकड्याच्या पोटाखालून. ओढू नकोस. त्यालाच येऊ दे.”

थोरल्यानं डोळे मिटले. तार हलली, थांबली, पुन्हा हलली. मग पितळेचा लहानसा तुकडा कुलपाच्या तोंडातून सरकत आला आणि पायरीवर टिणकन पडला. मागे कोणीतरी “आला!” म्हणालं आणि अक्काची नजर पडताच पुढचं गिळलं.

“आता लिव्हरच्या पट्ट्या. पहिली उचल. धरून ठेव. दुसरी. तिसरीला हात लावू नकोस.”

“का?”

“ती खोटी आहे. उचललीस की सगळं अडकतं.”

“खोटी कशाला बसवली आजोबांनी?”

“चोरासाठी,” आबा म्हणाले. “आणि माझ्यासाठी. तुझ्याएवढा होतो तेव्हा अर्धा दिवस याच पायरीवर घालवला मी. तुझा आजोबा बाजूला बसून हसत होता.”

थोरल्याच्या खांद्यांना हसू फुटलं, पण हात स्थिर राहिला. बापलेक वर्षानुवर्षं एका दुकानात पाठीला पाठ लावून बसत. एकाच कुलपावर दोघं आज पहिल्यांदाच वाकले होते. चौथी उचलली गेली, पाचवी उचलली गेली, आणि आत खोलवर एक जडसा आवाज झाला. दार आपल्याच वजनानं बोटभर आत गेलं.

मग जे व्हायचं तेच झालं. थंडीत ताटकळलेली मंडळी आत लोटली. कोणी “शाब्बास” म्हणालं, कोणी आबांच्या पाठीवर थाप मारली, पण पाय कोणाचेच थांबले नाहीत. गायनमंडळाबरोबर जावई आत गेले. पहिलं गीत अखेर त्यांच्याच वाट्याला आलं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकही रंग जागेवर नव्हता. बघता बघता पायऱ्या रिकाम्या झाल्या. बापलेक गुडघ्यांवरच, हत्यारं गुंडाळत राहिले.

आबांनी घराच्या दिशेला बोट केलं. मग आपल्या एप्रनकडे, सपातांकडे.

“माझेही गुडघे बघा,” थोरला म्हणाला. नव्या पँटवर दोन काळे गोल उठले होते. “पुढे गेलो तर बायको तिथेच जीव घेईल. मागे बसू, आबा. दाराजवळ. नाही बरं वाटलं तर उठून जाऊ.”

आबा मागच्या बाकावर बसले. या चर्चमध्ये ते आयुष्यभर आले होते, पण ते इथून कधी पाहिलं नव्हतं. इथून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. टकलं, आंबाडे, मुलींच्या रिबिनी, एका म्हाताऱ्याची उलटी राहिलेली कॉलर. माईंचा आंबाडा तिसऱ्या रांगेत होता, किंचित कललेला. शेजारची जागा त्यांनी मोकळी सोडली होती.

पाळक वाचायला उभे राहिले.

आणि आबांच्या लक्षात आलं, की आपण हे वाचन आजवर ऐकलेलंच नाही. लहानपणी ऐकलं असेल तेवढंच. गीत धरायला लागल्यापासून या वेळी ते आतल्या आत सूर जुळवत असायचे. पाळकांचे ओठ हलताना दिसत, शेवटचं वाक्य आलं की उभं राहायचं. मधलं सगळं वाहून जायचं.

आज सूर जुळवायचा नव्हता. आबांनी ऐकलं.

रात्रीची पाळी करणारे मेंढपाळ, उघड्यावर बसलेले. एकाएकी उजेड, त्यांची भीती, आणि मग आकाशभर स्तुती. आबा पुढे झुकले. स्तुती तर देवदूतांची होती! मेंढपाळांना कोणी गायला सांगितलंच नव्हतं. त्यांनी नुसतं ऐकलं, एकमेकांना म्हणाले, चला बघून येऊ, आणि होते तसे उठून निघाले. अंगाला मेंढरांचा वास, पायांना चिखल. राजवाडा नाही, दिवे नाहीत, अंधारात कुठलासा गोठा शोधायचा. त्यांनी तो शोधला. आत एक दमलेली आई, एक बाप, आणि जनावरांच्या गव्हाणीत निजलेलं मूल, ज्याला अजून बोलता येत नव्हतं.

ज्याला अजून बोलता येत नव्हतं. हे पाळकांनी वाचलं नव्हतं, ते आबांच्या मनात आलं. सगळी सृष्टी ज्याच्या शब्दानं झाली म्हणतात, तो तिथे एका शब्दावाचून पडून होता. आणि तरी आलेली माणसं त्याच्यापुढे वाकली होती.

आबांनी मान खाली घातली. मागायचं असं काही उरलं नव्हतं, सांगायचंही नव्हतं. हात गुडघ्यांवर होते, काळे, तेलकट, टोकांना बधिर. त्यांनी ते तसेच जोडले. कोणीतरी अगदी जवळ बसलं आहे आणि त्याला कसलीच घाई नाही, असं त्यांना वाटलं. थोरला नव्हे. थोरला दुसऱ्या बाजूला होता.

वाचन संपलं. जावई उभे राहिले.

त्यांनी वरून धरलं. अक्का म्हणाली होती त्याहूनही वरून. पहिली ओळ छान गेली, दुसरी ताणून गेली, तिसऱ्या ओळीत जिथे सूर आणखी चढतो तिथे आवाज चरकन फाटला आणि थांबला. जावई तोंड उघडं ठेवून उभे होते, जसे त्यांचे रोगी त्यांच्यापुढे बसत. बेबीची मान खाली गेली.

मग पहिल्या रांगेतून एक म्हातारा, घोगरा, बेसूर आवाज निघाला. अक्का! तिनं तीच ओळ कितीतरी खाली धरली आणि बसल्या जागेवरून रेटली. तिच्या सुराला बेबी येऊन मिळाली. माई मिळाल्या, आणि शेजारच्या बाईनं वळून पाहिलं नाही, ती स्वतःच गात होती. दुसरं कडवं येईपर्यंत कोणी थांबलंच नाही. जावयांनीही खालचा सूर पकडला. बघता बघता सगळं चर्च उठून उभं राहिलं. आबांच्या शेजारी थोरला फुटक्या घागरीसारखा, पण पोटातून गात होता.

पुढे उभं राहून गाताना हा आवाज आबांच्या पाठीशी असायचा. आज तो चारी बाजूंनी आला. त्यांनी तोंड उघडलं. हवा निघाली. ती कुठे गेली, कोणात मिसळली, हे कुणालाच कळलं नाही, आणि आबांनी ते शोधलंही नाही. डोळे वाहत होते ते त्यांनी मफलरला पुसले आणि शेवटच्या कडव्यापर्यंत तोंड मिटलं नाही.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर ऊन आलं होतं. सगळे एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देत होते. माई आबांजवळ येऊन उभ्या राहिल्या. आबांनी त्यांचा हात धरला, तो चारचौघांत धरला.

जावई सगळ्यात शेवटी बाहेर आले. बेबीनं त्यांचं कोपर धरलं होतं, नाहीतर ते बाजूच्या दारानं निसटले असते.

“आबा, माफ करा,” ते म्हणाले. “घराण्याचं गीत. मी त्याचं हसं केलं.”

आबांनी त्यांना जवळ ओढलं आणि कानात काहीतरी म्हटलं. जावयांचे डोळे मोठे झाले.

“खरंच?” त्यांनी विचारलं. आबांनी मान डोलावली.

“काय म्हणाले?” बेबीनं विचारलं.

“म्हणतायत, पहिल्या वर्षी त्यांचाही असाच फुटला होता. भर मंडळीत.”

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. आबांच्या लग्नाआधीच्या त्या वर्षी चर्चमध्ये असलेलं आणि आजही हयात असलेलं घरातलं दुसरं माणूस तेवढंच होतं. अक्काला ती सकाळ लख्ख आठवत होती. तिचा भाऊ उभा राहिला होता, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत त्याचा आवाज धुतलेल्या काचेसारखा लागला होता. त्याचा आवाज कधीही फुटला नव्हता. आयुष्यात एकदाही नाही.

अक्कानं भावाकडे पाहिलं. मग जावयाकडे, त्याच्या खाली गेलेल्या खांद्यांकडे. खरं बोलण्याविषयी तिची अख्ख्या मंडळीत ख्याती होती, आणि त्या ख्यातीचा त्रास झाला नाही असं एकही माणूस त्या पायऱ्यांवर नव्हतं.

“फुटला होता,” अक्का म्हणाली. “चांगला टराटरा फुटला होता. आम्हाला आठवडाभर तोंड दाखवायला जागा नव्हती. चला आता, जावईबापू, घरी चला. केक तसाच पडलाय.”